वर्ष होऊ दे

गुरुजी गेले तेव्हा पावणेदोन वाजले होते. अच्युतराव त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले, स्कूटर चालू होईपर्यंत उभे राहिले आणि परत येऊन बाहेरच्या खोलीत बसले. रमाबाईंना जाऊन वर्ष झालं होतं. आता विधीनंही झालं.

शेवटचे पाच महिने रमाबाई याच खोलीत होत्या. आतल्या खोलीतून काही दिसत नाही म्हणून त्यांनी हट्टानं पलंग इथं, रस्त्याकडच्या खिडकीपाशी लावून घेतला होता. त्या गेल्यावर पलंग कुणी हलवला नव्हता. त्यावर, पायाकडच्या बाजूला, आज सकाळपासून एक प्लास्टिकचं फोल्डर पडलं होतं. देवदत्तानं ठेवलं होतं, काही न बोलता. आत सहमतीपत्र होतं. घर अच्युतरावांच्या नावावर, त्यामुळे रस्त्याकडची भिंत पाडून शटर लावायचं तर त्यांची सही लागणार होती.

दिवाळीच्या आधी, एकाच आठवड्यात, देवदत्तानं त्यांच्यापुढे दोन गोष्टी ठेवल्या होत्या. पीथमपूरच्या कंपनीत तो सोळा वर्षं गिअरचे भाग तपासायचा. मे महिन्यात कंपनीनं ती लाइन दुसऱ्या राज्यात नेली आणि तीनशेवर माणसं घरी बसली. नंतर एका जुन्या साहेबांनी साणंदच्या एका कारखान्यात त्याच्यासाठी शब्द टाकला. कंत्राटी काम होतं, पण तपासणीचंच होतं. ही पहिली गोष्ट. ते नाही जमलं तर बाहेरच्या खोलीत ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान टाकू, ही दुसरी.

दोन्हींना अच्युतरावांचं उत्तर एकच होतं. "वर्ष होऊ दे."

घरात माणूस गेलं की वर्षभर नवीन काही करायचं नाही, हे त्यांच्याकडे पाळायचे. रमाबाई सगळ्यांत जास्त पाळायच्या. सासू गेली त्या वर्षी कुकर बिघडला तर त्यांनी नवा घेतला नाही. वर्षभर डाळ पातेल्यात शिजली. त्यामुळे देवदत्त वाद घालू शकला नाही. त्यानं साणंदला फोन करून सांगितलं, आईचं वर्ष पूर्ण झालं की कळवतो.

पण उत्तर देताना आपल्या मनात रमाबाई नव्हत्या, हे अच्युतरावांना तेव्हाही माहीत होतं.

"काका, बडीशेप." मनीष वाटी घेऊन आला आणि खुर्ची ओढून बसला. मनीष म्हणजे अच्युतरावांचे थोरले भाऊ लक्ष्मणदादा, त्यांचा मुलगा. शाळेची व्हॅन चालवायचा. आज श्राद्धासाठी त्यानं दुपारची फेरी दुसऱ्याला दिली होती. त्याच्यामागून त्याची आई भानुमतीवहिनी भिंतीचा आधार घेत आल्या आणि दिवाणावर टेकल्या. पलंगावर त्या कधी बसल्या नसत्या.

"वडे बरे झाले होते," वहिनी म्हणाल्या. "रमाच्या हातचे नाही, पण बरे होते."

"विनीतानं केले."

"कळलं मला. म्हणून तर म्हणते बरे होते."

मनीष हसला. मग त्यानं फोल्डरकडे बोट केलं. "काका, झालं ना आता वर्ष. करून टाका साइन. देव भिया किती दिवसांपासून रुकलाय."

देवदत्त दारात उभा होता. सकाळचं सोवळं सोडून त्यानं पँट-शर्ट घातला होता, शर्टाची बाही कंपनीत घालायचा तशी कोपरापर्यंत दुमडलेली. मे महिन्यापासून तो घरातही तसाच राहायचा.

"मी सर्व्हे केलाय, बाबा," तो म्हणाला. "अन्नपूर्णा मंदिरापासून आपल्या गल्लीपर्यंत ऑनलाइनवाली एकोणीस दुकानं आहेत. दोन वर्षांपूर्वी सहा होती, फक्त सहा. चालत नसतं तर इतकी उघडली असती का?"

अच्युतरावांच्या हातातली बडीशेप हातातच राहिली. हे वाक्य त्यांच्या ओळखीचं होतं.

"पाणी पिऊन येतो," ते म्हणाले आणि उठले.

स्वयंपाकघरात विनीता भांडी घासून पालथी घालत होती. सून असली तरी या वर्षभरात अच्युतराव तिच्याशी मुलीसारखं बोलायला शिकले होते, म्हणजे कमी आणि सरळ. तिनं पेला भरून दिला आणि दाराकडे पाहून आवाज खाली आणला.

"बाबा, सही करू नका."

"तूच तर त्याला कॉम्प्युटर बघायला घेऊन गेली होतीस."

"गेली होती. तो खूश होता त्या दिवशी. मे महिन्यानंतर पहिल्यांदा. मी काय बोलणार?" तिनं हात पुसले. "माझ्या शाळेतल्या तीन मॅडमच्या मिस्टरांनी दुकानं टाकली. एकाचं फूल-हार, एकाचं पाण्याचे कॅन, एकाचं मोमोज. तिन्ही बंद. जी काही पुंजी होती ती गेली आणि वर घरात चिडचिड. साणंदला नौकरी आहे, बाबा. कंत्राटी का होईना, आहे ना? तुम्ही नाही म्हणालात तर तो जाईल. मी म्हटलं तर भांडण होईल."

"आणि तुम्ही मायलेकी?"

"मी आणि श्रिया इथेच. तिचं कॉलेज आहे, माझी शाळा आहे. तुम्हाला सोडून कुठं जाणार?"

"सहा महिने," अच्युतराव म्हणाले. "मग तो तिथं खोली घेईल. मग तिथं शाळा शोधशील तू. असंच होतं."

विनीतानं नाही म्हटलं नाही. तिनं पुढचं पातेलं उचललं. अच्युतरावांना तिचा राग आला नाही. खोटं बोलली असती तर आला असता.

पाणी पिऊन ते बाहेर आले आणि चपला घातल्या. "देव, चल. तुझी एकोणीस दुकानं दाखव मला."

"आत्ता? जेवून लगेच?"

"आत्ताच. उघडी असताना."

गल्लीतून चालताना अच्युतरावांचे डोळे आपोआप दारांच्या चौकटींवर जात होते. तेहेतीस वर्षं त्यांनी सांख्यिकी कार्यालयात काढली होती. आर्थिक गणना असली की हातात फॉर्म, खिशात गेरूची डबी. एकेका दारावर नंबर टाकायचा आणि आत काय धंदा चालतो, किती माणसं काम करतात, ते लिहायचं. मालक एकटाच असेल तर पगारी कामगाराच्या रकान्यात शून्य. कापडाच्या मिली बंद पडल्या त्यानंतरच्या गणनेत परदेशीपुऱ्यात त्यांनी इतकी शून्यं लिहिली होती की बोटं दुखली होती. मागच्या गणनेपेक्षा आस्थापना जवळपास दुप्पट झाल्या होत्या. भोपाळहून आलेल्या साहेबांनी तक्ता पाहून त्यांची पाठ थोपटली. भागात उद्योजकता वाढते आहे, असं पत्रकात छापून आलं. अच्युतरावांनाही ते तेव्हा खरं वाटलं होतं. आकडा वाढलेला होता. आकड्यावर त्यांचा विश्वास होता.

"हे एक," देवदत्त म्हणाला. "ते समोरचं दुसरं. आणि ते तिसरं, अर्पितचं. ओळखतो मी त्याला. आमच्या प्लांटला ट्रेनी होता."

अर्पितच्या दुकानात एक टेबल, एक प्रिंटर, दोन स्टूल. गिऱ्हाईक नव्हतं. अर्पित स्क्रीनकडे बघत काहीतरी भरत होता. देवदत्ताला पाहून तो उठला.

"अरे देव भिया! सुना है आप भी खोल रहे हो? आ जाओ, बीस हो जाएंगे."

"बाबांना दाखवायला आणलं," देवदत्त म्हणाला, मग हिंदीत, "पिताजी हैं."

"नमस्ते काकाजी. बैठो."

अच्युतराव स्टुलावर बसले. "किसका फॉर्म भर रहे हो?"

अर्पित जरा लाजला. "अपना ही. वनरक्षक की भर्ती निकली है."

"तुम तो इंजीनियर हो ना?"

"हूँ तो. पर जंगल को क्या पता." तो स्वतःच हसला. "बस समझ नहीं आ रहा, फॉर्म भरने का चार्ज किससे लूँ."

देवदत्तही हसला. अच्युतराव हसले नाहीत. ते फॉर्म घेऊन बसल्यासारखे विचारत गेले.

"दुकान कैसी चलती है?"

"भर्ती निकली तो तीन हफ्ते लाइन लगती है, काकाजी. फिर दो महीने कुछ नहीं. नौकरी नहीं निकलेगी तो फॉर्म कहाँ से निकलेगा?"

"साथ में कोई काम करता है?"

"मैं ही हूँ. मम्मी खाना दे जाती है, वो गिनो तो दो."

"और तुमसे पहले यहाँ क्या था?"

"मेरे पहले?" अर्पितनं भिंतीकडे पाहिलं. तिथं रंगाखाली जुन्या फळ्यांच्या खुणा होत्या. "मोमोज था. उसके पहले मोबाइल के कवर. उसके पहले किसी ने जिम का सामान रखा था शायद. ध्यान नहीं. मकान मालिक वही है, बाकी सब बदल गए."

हा प्रश्न अच्युतरावांच्या फॉर्मवर कधीच नव्हता. ज्या दिवशी तुम्ही दारात उभे राहाल त्या दिवशी जे उघडं असेल ते लिहायचं. दोन गणनांच्या मधे त्याच गाळ्यात किती जण आले आणि गेले, त्याला रकाना नव्हता. दुकान का उघडलं, त्यालाही नव्हता. बाहेर पडल्यावर ते देवदत्ताला आणखी दोन ठिकाणी घेऊन गेले आणि तोच प्रश्न विचारला. एका ठिकाणी आधी चहाचं दुकान होतं, त्याआधी साड्यांना फॉल-पिको. दुसऱ्या ठिकाणचा माणूस म्हणाला, मीच होतो आधी, सँडविच विकत होतो, आता फॉर्म भरतो, उद्याचं माहीत नाही. त्याच्याकडेही गिऱ्हाईक नव्हतं. त्यानं दोघांना आग्रहानं पाणी पाजलं.

परतताना देवदत्त गप्प होता. अच्युतरावांना वाटलं, मुलाला समजलं. आता फार बोलावं लागणार नाही.

घरी वहिनी दिवाणावर पाय वर घेऊन बसल्या होत्या. मनीष फोनवर व्हॅनमधल्या एका मुलाच्या आईशी बोलत होता. विनीता चहा घेऊन आली. अच्युतरावांनी कप घेतला नाही.

"वहिनी, मला तुमच्यासमोर एक बोलायचं आहे. देवला सांगायचं आहे, पण तुमच्यासमोर."

"बोला ना भावजी."

"दादानं दुकान टाकलं होतं ना, परदेशीपुऱ्यात. किराण्याचं. ते माझ्यामुळे. मी त्याला गणनेचा तक्ता दाखवला होता. दाखवायचा नसतो, ऑफिसचा होता. या भागात किराणा दुकानं सगळ्यांत जास्त वाढली आहेत, म्हणजे चालतंय, तू पण टाक, असं मी बोललो. त्याच गल्लीत आधीच सात दुकानं होती. सगळे मिलवाले. सातही जण एकमेकांकडे बघत बसायचे. मी आकडा पाहिला, माणसं पाहिली नाहीत." ते थांबले. "चौदा महिन्यांत बंद पडलं. मग तो देपालपूरला धान्याच्या गोदामावर चौकीदारीला गेला आणि तिकडेच, भाड्याच्या खोलीत..."

पुढचं सगळ्यांना माहीत होतं. लक्ष्मणदादा त्या खोलीत एकटेच गेले होते, दार दुसऱ्या दिवशी गोदामवाल्यांनी उघडलं होतं.

वहिनींनी चहाचा कप खाली ठेवला.

"सव्वीस वर्षं तुम्ही हे घेऊन बसलात?" त्या म्हणाल्या. "मला विचारायचं तरी."

"काय विचारणार होतो?"

"मिल बंद पडली त्यानंतर ते काय करायचे, माहीत आहे तुम्हाला? भिंतीकडे तोंड करून झोपायचे. सहा-सात वर्षं. मधेमधे कुठं मजुरी, बाकी भिंत. मुलं हळू बोलायची घरात. दुकान होतं ते चौदा महिने मात्र पहाटे उठायचे. आंघोळ करायचे, अष्टगंध लावायचे. शटर वर करताना आवाज करायचे मुद्दाम, सगळ्या गल्लीनं ऐकावा म्हणून." वहिनींनी पदरानं नाक पुसलं. "तो तुमचा कागद त्यांनी मला दाखवला होता. वाचता कुठं येत होता मला? पण माझ्या नवऱ्याचे चांगले म्हणावे असे शेवटचे तेच महिने होते, भावजी. ते माझ्याकडून काढून घेऊ नका."

"आणि माझी अकरावी?" मनीष म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. आतापर्यंत तो दुकानाच्या बाजूचा होता.

"दुपारी बाबा माल आणायला जायचे तेव्हा गल्ल्यावर कोण बसायचं, आई? मी. शाळा सुटली ती सुटलीच. तुला ते चौदा महिने चांगले वाटले. मला आजपण मुलांना शाळेत सोडताना कधीकधी..." त्यानं हात झटकला. "छोड. पण देव, तू नको पडूस यार यात. मी उगाच साइन करा, साइन करा लावलं होतं. तुला नौकरी मिळतेय तर जा ना. आम्हाला कुणी दिली असती तर धावत गेलो असतो."

"मला शिकवायला तुला कुणी सांगितलं नव्हतं," वहिनी मुलावर चिडल्या.

"मी काकांच्या बाजूनं बोलतोय, आई."

"काकांना बाजू नको आहे. त्यांना शिक्षा हवी आहे. ती मी देणार नाही."

अच्युतराव वहिनींकडे पाहत राहिले. इतक्या वर्षांत त्या त्यांच्याशी अशा बोलल्या नव्हत्या. त्यांना थोडं हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

"बघितलंस?" ते देवदत्ताकडे वळले. "म्हणून तुला घेऊन गेलो होतो. एकोणीस म्हणजे चालतंय असं नाही. एकोणीस म्हणजे एकोणीस जणांना काम नाही."

"मला माहीत आहे, बाबा."

"काय माहीत आहे?"

"सगळं." देवदत्त पलंगाच्या कडेला बसला. आई गेल्यापासून तो तिथं पहिल्यांदा बसला होता. "तुम्हाला काय वाटलं, अर्पितचं चालत नाही हे मला कळत नाही? सोळा वर्षं खराब माल बाजूला काढायचं काम केलंय मी. ती एकोणीस मी तुमच्यासाठी मोजली. तुम्हाला आकडे पटतात म्हणून. नाहीतर तुम्हाला काय सांगणार होतो? मला सकाळी दहाला कुठंतरी जाऊन बसायचं आहे, असं?"

मनीषनं फोन खिशात टाकला.

"परवा श्रियाची मैत्रीण आली होती," तो म्हणाला. "अंकल क्या करते हैं, विचारलं तिनं. श्रिया बोलली, अभी घर पे हैं. चांगलं बोलली पोरगी, खोटं नाही बोलली. पण मी आत होतो, आणि मी बाथरूममध्ये जाऊन नळ चालू केला. पुढचं ऐकू येऊ नये म्हणून. दुकान चालू दे, नाही चालू दे. अंकल की दुकान है, एवढं तर होईल."

विनीतानं ट्रे टेबलावर ठेवला. तिला हे माहीत नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

अच्युतरावांना एकाएकी दादा दिसला. तक्ता हातात घेतलेला, मान डोलावणारा. त्यालाही माहीत असणार. त्याच गल्लीत राहत होता तो, सात दुकानं त्याला रोज दिसत होती. धाकट्या भावाचा कागद त्याला पटला नव्हता. दुकान उघडायला त्याला कुणीतरी हो म्हणायला हवं होतं, एवढंच.

आता तेच हो देवदत्त मागत होता. आणि हो म्हणणं अच्युतरावांना किती सोपं होतं! सही केली की मुलगा घरात. रात्री ताट वाढलेलं, आत माणसांचे आवाज, दिवसभर या खोलीत कुणीतरी. दिवाळीपासून ते या सहीचीच वाट पाहत होते. म्हणून तर त्यांना ती करता येत नव्हती.

"तू साणंदला जा," ते म्हणाले.

"बाबा..."

"ऐक. दिवाळीच्या आधी मी म्हटलं ना, वर्ष होऊ दे. ते तुझ्या आईसाठी नव्हतं. ती असती तर तुला दुसऱ्या दिवशी गाडीत बसवलं असतं. नियम-बियम तिनं माझ्या आईसाठी पाळले, तुझ्या पोटावर पाय देऊन नसते पाळले. मी म्हटलं ते माझ्यासाठी. मला एकट्याला जेवता येत नाही." शेवटचं वाक्य तोंडातून गेल्यावर त्यांनी मान वळवली. "तिथं तुला तुझं काम आहे. तुझं स्वतःचं. फोन लाव."

"आज श्राद्धाच्या दिवशी?"

"आजच. वर्ष झालं ना? लाव."

देवदत्तानं विनीताकडे पाहिलं. तिनं मान हलवली. मनीष म्हणाला, "स्पीकरवर टाक." वहिनींनी उगाच हात जोडले.

दोनदा रिंग जाऊन बंद झाली. तिसऱ्यांदा फोन उचलला गेला. मागे यंत्रांचा आवाज होता. तो आवाज ऐकून देवदत्त ताठ बसला.

"हाँ देवदत्तजी, बोलिए."

"सर, वो आपसे बात हुई थी. इंस्पेक्शन वाली पोस्ट की. मैंने कहा था ना, माताजी का साल पूरा हो जाए. तो आज हो गया, सर. मैं सोमवार से भी आ सकता हूँ."

पलीकडून थोडा वेळ फक्त यंत्रं ऐकू आली.

"अरे यार," तो माणूस म्हणाला. आवाज वाईट नव्हता. "वो तो एक तारीख को ही भर दी. दो महीने रोकी थी मैंने आपके लिए, सच में रोकी थी. फिर ऊपर से पूछने लगे. आपके ही प्लांट का एक लड़का आया, उसी दिन बैठ गया. मैं आपको फोन करने वाला था, पर सोचा, घर में गमी का साल है, क्या बोलूँ."

"नहीं सर, ठीक है. और कुछ निकले तो..."

"हाँ हाँ, बिल्कुल. निकलेगा तो सबसे पहले आपको."

फोन बंद झाला. देवदत्तानं तो उलटा करून मांडीवर ठेवला.

अच्युतराव उभे होते. त्यांना बसावंसं वाटलं, पण जवळ पलंगच होता. एक तारीख म्हणजे बारा दिवसांपूर्वी. बारा दिवस आधी कुणी विचारलं असतं तरी त्यांनी तेच उत्तर दिलं असतं.

"जाऊ द्या बाबा," देवदत्त म्हणाला. "कॉन्ट्रॅक्टच होतं. काय भरोसा होता त्याचा."

"मी..."

"तुम्ही काही नाही. मीच एकदा मधे फोन करायला हवा होता. मलाही जायचं नव्हतं ना मनातून."

खरं की बापासाठी बोलला, अच्युतरावांना कळलं नाही. वहिनी दिवाणावरची चादर सारखी करत राहिल्या.

विनीता आत गेली. ती रडायला गेली असेल असं सगळ्यांना वाटलं. पण ती लगेच बाहेर आली. तिच्या हातात पेन होतं. तिनं पलंगावरचं फोल्डर उचललं, सहमतीपत्र बाहेर काढलं, टेबलावरचा चहाचा ओघळ आपल्या ओढणीनं पुसला आणि कागद अच्युतरावांपुढे ठेवला.

"बाबा, सही करा."

"तूच म्हणालीस ना..."

"तेव्हा नौकरी होती."

अच्युतराव खुर्चीवर बसले. चष्मा शोधला, खिशातच सापडला. तेहेतीस वर्षं लोकांकडून कागदावर सह्या घेतलेल्या माणसाला आपली सही कुठं करायची ते क्षणभर दिसेना. विनीतानं बोट ठेवलं. त्यांनी सही केली, दुसऱ्या पानावर केली, तारीख घातली.

"भिंत कधी पाडायची?" मनीषनं विचारलं. कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं. "माझ्या ओळखीचा ठेकेदार आहे. एका दिवसात शटर बसवतो. मी पण येईन रविवारी, मलबा उचलू लागेन."

"बघू," देवदत्त म्हणाला. पण तो उठून खिडकीपाशी गेला आणि वीत टाकून भिंतीचं माप घेऊ लागला. त्याच्या पाठीत काहीतरी सरळ झालं होतं. विनीतानं ते पाहिलं आणि नजर काढून घेतली.

"नाव काय ठेवणार?" वहिनींनी विचारलं. "दुकानाचं?"

"फॉर्मवर लिहावं लागेल," देवदत्त मागे न वळता म्हणाला. "विचार नाही केला."

"त्यात काय विचार! रमाचं ठेवा. तिचीच खोली. रमा ऑनलाइन. किती छान वाटतं."

"हो, आईचंच," देवदत्त वळला. त्याचे डोळे भरून आले होते. "बाबा, आईचं ठेवू या ना?"

अच्युतरावांनी चष्मा काढला. त्यांना अर्पितच्या दुकानाची भिंत दिसत होती, रंगाखाली एकावर एक गेलेल्या फळ्यांच्या खुणा. त्यांतल्या एकाही दुकानाचं नाव कुणी सांगितलं नव्हतं.

"नको," ते म्हणाले.

"का? तिला आवडलं असतं, भावजी."

"तिचं नको."

सगळ्यांना वाटलं, अजून दुःख ओलं आहे, इतक्यात नाव घ्यायला त्यांना जड जातंय. वहिनींनी देवदत्ताला खुणेनं गप्प राहायला सांगितलं. अच्युतरावांनी कुणाचा गैरसमज दूर केला नाही. विनीताच्या हातातून त्यांनी पेन परत घेतलं आणि देवदत्तापुढे धरलं.

"माझं लिही," ते म्हणाले.